ड्रिफ्टिंगच्या इंटरनॅशनल स्पर्धेत उतरायचंय? आधी हे वाचा – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मूळचा चिंचवडचा, पुण्यात जपानी शिकलो आणि नोकरीनिमित्त गेली काही वर्षं जपानमध्ये आहे. आठवडाभर ऑफिसात लॅपटॉप बडवतो आणि सुट्टीला गाडी आडवी चालवतो. माझ्या जुन्या निसान सिल्वियाचा एक फोटो टाकला की मेसेजमध्ये तेच तेच प्रश्न येतात, म्हणून म्हटलं एकदाच सगळं लिहून काढू. आधीच सांगतो, मी प्रो ड्रायव्हर नाहीये. लोकल स्पर्धा केल्यात, आणि मोठ्या स्पर्धेत मित्राच्या टीममध्ये जॅक लावायला आणि टायर बदलायला गेलोय, तेव्हा जे काही लिहितोय ते पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारी गाड्या दुरुस्त करतात तिथे, उभं राहून दिसलेलं आहे.

ड्रिफ्टिंग म्हणजे रेसच ना? जो आधी पोचला तो जिंकला?

नाही. इथेच सगळे चुकतात. ड्रिफ्टिंगमध्ये कोण आधी पोचलं याला शून्य किंमत आहे. गाडीच्या मागच्या चाकांची पकड मुद्दाम सोडवायची, गाडीचं नाक वळणाच्या आत, पुढची चाकं उलट्या दिशेला वळवलेली, आणि अशा आडव्या गाडीला जज लोकांनी आखून दिलेल्या रेषेवरून न्यायचं. रेषा हा शब्द लक्षात ठेवा, कारण धूर, आवाज, टाळ्या हे सगळं नंतर. आपल्याकडे व्हिडिओत दिसतं ते एका जागी गोल गोल फिरणं, त्याला डोनट म्हणतात, ते कोणालाही एका दुपारी जमतं.

मग नंबर कसा लागतो?

दोन टप्पे असतात. आधी क्वालिफाइंग, म्हणजे तुम्ही एकटे. अमेरिकेतल्या फॉर्म्युला ड्रिफ्टमध्ये तीन जज बसतात आणि तीन गोष्टी बघतात: लाइन, अँगल आणि स्टाइल. लाइन म्हणजे ट्रॅकवर रंगवलेले झोन असतात, काही ठिकाणी मागचं चाक बाहेरच्या झोनमध्ये भरायचं असतं, काही ठिकाणी नाक आतल्या क्लिपिंग पॉइंटच्या, म्हणजे वळणाच्या आतल्या बाजूच्या खुणेच्या, अगदी जवळून घासून न्यायचं. अँगल म्हणजे गाडी किती आडवी आहे. स्टाइल म्हणजे गाडी आडवी टाकताना किती जोरात आणि बिनधास्त टाकली, एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला नेताना मध्ये अडखळली का, आणि भिंतीजवळ जाऊन सुद्धा पाय उचलला नाही ना.

त्यानंतर खरी गंमत, टँडम. दोन गाड्या एकत्र सुटतात, एक पुढे आणि एक मागे, मग दुसऱ्या रनला अदलाबदल. ज्याचा क्वालिफाइंगचा नंबर वरचा तो आधी पुढे धावतो. पुढच्याचं काम क्वालिफाइंगला केलं तशीच स्वच्छ रन करायची. मागच्याचं काम त्याची सावली व्हायचं, त्याने गाडी टाकली त्याच क्षणी आपली टाकायची, त्याच्याएवढाच अँगल ठेवायचा आणि दारापाशी चिकटून राहायचं. गाडी गोल फिरली, मध्येच सरळ झाली किंवा ट्रॅक सोडून बाहेर गेली की ती रन गेली. दोघं अगदीच तोडीस तोड असले तर जज म्हणतात वन मोअर टाइम, म्हणजे परत सगळं पहिल्यापासून, आणि तेव्हा पिटमध्ये आमच्यासारख्यांच्या पोटात गोळा येतो कारण तेवढे टायर उरलेत का हे कोणीतरी मोजायला पाहिजे ना.

मला कोणी विचारलं टँडम कसं असतं तर मी फुगडी सांगतो. दोघी मागे झुकलेल्या असतात, एकमेकींच्या वजनावर फिरत असतात, आणि एकीने अचानक हात सोडला तर दुसरीसुद्धा पडते. टँडममध्ये पुढच्याने उगाच ब्रेक मारला तर मागचा त्याच्या दारात घुसतो, आणि जज रिप्ले बघून दोष पुढच्याला देतात. म्हणजे पुढे असताना तुमचा सगळ्यात मोठा गुण काय, तर मागच्याला तुमचा अंदाज आला पाहिजे.

जपानमध्ये म्हणे मशीन मार्क देतं?

हो, डी१ ग्रां प्रीमध्ये. गाडीत सेन्सर बसवतात, स्पीड, अँगल, अँगल किती स्थिर राहिला, गाडी एका बाजूकडून दुसरीकडे किती झपकन फिरली, हे सगळं मोजून मार्क निघतात. या सिस्टमला डॉस म्हणतात, २०१२ पासून आहे. एकट्याच्या रनला इथे तान्सो म्हणतात, जोडीच्या रनला त्सुइसो. त्सुइसोमध्ये मागची गाडी किती जवळ गेली याचे मार्क मात्र माणसंच देतात, कारण जवळीक मोजणं मशीनला तेवढं जमत नाही.

कुठली पद्धत बरी यावर पिटमध्ये भांडणं होतात. मला विचाराल तर मशीन फेअर आहे पण कोरडं आहे. कुस्तीतल्या पंचासारखा माणूस पाहिजेच, त्याच्यावर ओरडता तरी येतं.

"इंटरनॅशनल" म्हणजे नक्की कुठली स्पर्धा? एकच वर्ल्ड कप आहे का?

क्रिकेटसारखा एकच मोठा कप, असं चित्र नाहीये. वेगवेगळ्या सिरीज आहेत आणि त्यात जगभरचे लोक येतात. जपानची डी१ ग्रां प्री सगळ्यात जुनी. अमेरिकेची फॉर्म्युला ड्रिफ्ट, पहिला सीझन २००४ चा, सुरुवात बहुतेक वेळा कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचच्या रस्त्यांवर होते, काँक्रीटच्या भिंतींच्या मध्ये. युरोपची ड्रिफ्ट मास्टर्स, तिची फायनल वॉर्साच्या नॅशनल स्टेडियममध्ये, म्हणजे फुटबॉलच्या मैदानावर डांबर टाकून होते आणि अख्खं स्टेडियम भरतं. रिगाचा बिकेरनिएकी ट्रॅक, आयर्लंडचं माँडेलो पार्क ही पण त्यांची गाजलेली ठिकाणं. शिवाय मोटरस्पोर्टची जागतिक संघटना एफआयए, तिने २०१७ मध्ये टोकियोच्या ओदाइबाला इंटरकॉन्टिनेंटल ड्रिफ्टिंग कप सुरू केला, तो देशोदेशीच्या ड्रायव्हरांसाठी.

आणि रेड बुलची कार पार्क ड्रिफ्ट, जी लेबनॉनमध्ये २००८ ला सुरू झाली, रॅली ड्रायव्हर अब्दो फेघालीचं नाव तिच्याशी जोडलेलं आहे. त्यात जोडी नसते, एकट्याने अडथळ्यांमधून गाडी काढायची असते. नवख्यांसाठी दार थोडं जास्त उघडं आहे.

बाहेरच्या देशातले लोक जिंकतात का असं पण विचारतात. जिंकतात की. फॉर्म्युला ड्रिफ्ट अमेरिकेची, पण आयर्लंडच्या जेम्स डीनने २०१७, २०१८ आणि २०१९ सलग तीनदा मारली, मग २०२४ ला परत. नॉर्वेचा फ्रेड्रिक ओस्बो २०१५, २०२१, २०२२. जपानचा दाइगो साइतो २०१२ ला पहिल्याच वर्षी गेला आणि टायटल घेऊनच आला.

हे सुरू कुठे झालं?

जपानमध्येच. १९७० च्या दशकात कुनिमित्सु ताकाहाशी नावाचे रेसर टुरिंग कार रेसमध्ये वळणावर गाडी घसरवत काढायचे, ते बघून केइची त्सुचिया या पोराने डोंगरातल्या घाटरस्त्यांवर तेच करायला सुरुवात केली. त्याची गाडी टोयोटा एई८६, जेमतेम १३० हॉर्सपॉवरची. पुढे त्यालाच सगळे ड्रिफ्ट किंग म्हणायला लागले. मग दाइजिरो इनादा या मासिकवाल्या माणसाबरोबर त्सुचियाने डी१ उभी केली, पहिली स्पर्धा २००० मध्ये एबिसु सर्किटला आणि २००१ पासून रीतसर सिरीज. पहिला चॅम्पियन नोबुतेरु तानिगुची.

घाटात शिकले म्हणून आपण पण घाटात शिकू असं कोणाच्या डोक्यात आलं असेल तर खाली वेगळा प्रश्न आहे, तो वाचा.

माझ्याकडे स्विफ्ट आहे. चालेल का?

नाही. स्विफ्टचा जोर पुढच्या चाकांना असतो, ड्रिफ्टला तो मागच्या चाकांना पाहिजे. ओल्या मैदानात हँडब्रेक ओढून मागचा भाग फिरवता येतो पण पुढे त्याला धरून ठेवायला काही नसतं. गंमत म्हणजे आपल्या वडिलांच्या पिढीच्या गाड्या, पद्मिनी, अँबेसेडर, कॉन्टेसा, सगळ्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या. पहिल्या पावसात डांबरावर ऑइल वर आलं की काळी-पिवळी पद्मिनी सिग्नलवरून निघताना ढुंगण हलवायची, ते आठवतंय का, तो ड्रिफ्टच होता, फक्त ड्रायव्हरला नको असलेला.

मग गाडी कुठली घ्यायची?

जपानमध्ये निसान सिल्विया, म्हणजे एस१३, एस१४, एस१५, किंवा १८०एसएक्स. हलकी, मागच्या चाकांवर चालणारी, पार्ट सगळीकडे मिळतात, आणि टर्बो एसआर२० इंजिन मार खाऊन पण उभं राहतं. एस१५ २००२ मध्ये बंद झाली. एकेकाळी या गाड्या कॉलेजची पोरं पार्ट-टाइम नोकरीच्या पैशात घ्यायची, आता नाही जमत. एक कारण अमेरिकेचा नियम, तिथे २५ वर्षं जुनी गाडी सहज आयात करता येते, त्यामुळे एकेक मॉडेल २५ वर्षांचं झालं की अमेरिकन लोक उचलून नेतात आणि इथे भाव चढतात.

भारतात सिल्विया कधी विकलीच नाही. आयात करावी म्हणाल तर आपल्याकडे सेकंड-हँड गाडी तीन वर्षांपेक्षा जुनी आणता येत नाही, ड्युटी गाडीच्या किमतीपेक्षा जास्त बसते, म्हणजे विषय संपला. त्यामुळे भारतात ज्यांनी गंभीरपणे ड्रिफ्ट केलंय त्यांचा ओढा जुन्या बीएमडब्ल्यू थ्री सिरीजकडे जास्त. त्यातलं ई४६ मॉडेल मिळालं तर उत्तम, पण गंज, वायरिंग आणि कूलिंग तपासा, स्वस्तात मिळालेल्या बीएमडब्ल्यूइतकी महागडी गाडी जगात नाही.

युरोपात पण नवखे ई३६, ई४६ वरच शिकतात, तेव्हा त्यात कमीपणा काही नाही.

गाडीत काय काय बदलावं लागतं?

थोडं थोडं करत जा. पहिल्याच दिवशी हजार हॉर्सपॉवर नको. वरच्या लेव्हलला बहुतेक गाड्या तिथेच पोचल्यात, टोयोटाचं २जेझेड टर्बो किंवा अमेरिकन एलएस व्ही८ इंजिन बसवलेलं, पण ते लोक दहा-पंधरा वर्षं हेच करतायत.

सुरुवातीला मागचा डिफरन्शियल, म्हणजे दोन चाकांमध्ये जोर वाटणारा भाग, लॉक पाहिजे, म्हणजे दोन्ही चाकं एकत्र फिरली पाहिजेत. गरिबाचा उपाय म्हणजे डिफमध्ये वेल्डिंग मारून टाकायचं, माझ्या पहिल्या गाडीत तेच होतं, पार्किंगमध्ये वळवताना टायर असे किंचाळायचे की शेजारची आजी गॅलरीत येऊन बघायची. ऐपत असेल तर नीट एलएसडी, म्हणजे लिमिटेड स्लिप डिफरन्शियल, घ्या. मग बकेट सीट, कारण गाडी आडवी असताना तुम्ही सीटवरून घसरत असाल तर स्टेअरिंगला लोंबकळता, आणि लोंबकळणारा माणूस गाडी चालवत नसतो. मग कॉइलओव्हर, म्हणजे उंची आणि कडकपणा जुळवता येणारं सस्पेन्शन. मग कूलिंग, मोठा रेडिएटर, कारण आडव्या गाडीत समोरून हवा येतच नाही हे कोणाच्या लक्षात येत नाही.

हायड्रॉलिक हँडब्रेक लागतो, तो उभा लांब दांडा दिसतो तो. पण त्याच्याहून मोठा फरक पडतो तो अँगल किटने. नेहमीच्या गाडीची पुढची चाकं साधारण ३५-४० अंशापर्यंत वळतात, त्याच्यापुढे गाडी आडवी गेली की काउंटर मारायला, म्हणजे चाकं उलट्या दिशेला वळवायला, स्टेअरिंगच उरत नाही आणि गाडी गोल फिरते. एस्टोनियाच्या वाइजफॅबसारख्या कंपन्या पुढच्या चाकांना धरणारे भाग, नकल आणि आर्म, बदलून तो आकडा ६० च्या पुढे नेतात. अँगल किट लावलं की वाटतं आपल्याला चालवता यायला लागलं. तसं नसतं, गाडी तुमच्या चुका पोटात घालायला लागलेली असते.

आणि एक गैरसमज. ड्रिफ्टला मागे गुळगुळीत, घसरणारे टायर लागतात असं सगळ्यांना वाटतं. शिकताना ठीक आहे, पण स्पर्धेत बरोबर उलटं. मागे जेवढी पकड तेवढी गाडी आडवी असूनसुद्धा पुढे ढकलली जाते, वेग राहतो. कमी पकडीचा टायर लावून मागे धावलात तर पुढचा निघून जातो आणि तुम्ही एकटेच धूर काढत राहता.

टायर किती लागतात? एकूण खर्च?

आकडा सांगितला की लोक शिव्या घालतात म्हणून पद्धत सांगतो. खर्चाची तीन पोती असतात: गाडी, टायर, आणि गाडी ठोकल्यावरचं. गाडी एकदाच घेता. टायर दर वेळी. मी साधी टर्बो सिल्विया चालवतो तरी एका प्रॅक्टिसच्या दिवसात मागचे सहा टायर सहज जातात, ते पण जुने, टायरवाल्याकडे लोक काढून टाकतात ते. मोठ्या स्पर्धेतली हजार हॉर्सपॉवरची गाडी तर दोन-चार रनमध्ये नवी जोडी दोऱ्यापर्यंत खाते. बक्षिसाच्या पैशात हे भागत नाही, कोणाचंच नाही. मोठे ड्रायव्हर टायर कंपनी, ऑइल कंपनी, स्वतःचं व्हिडिओ चॅनल, टी-शर्ट विकणं यावर जगतात. म्हणजे स्पॉन्सर शोधणं हा या खेळाचाच भाग आहे, आणि स्पॉन्सरला तुमच्या अँगलपेक्षा तुमच्या गाडीच्या दारावर किती लोकांची नजर जाते यात जास्त रस असतो. कडू आहे पण खरं आहे.

लायसन्स कुठलं लागतं? साधं ड्रायव्हिंग लायसन्स पुरतं का?

शिकायला, ट्रॅक डेला बहुतेक ठिकाणी पुरतं. स्पर्धेला नाही. भारतात मोटरस्पोर्टची मान्यताप्राप्त संघटना एफएमएससीआय आहे, तिच्याकडून स्पर्धक लायसन्स काढायचं, आणि एफआयएच्या नियमाने परदेशातल्या स्पर्धेला जायचं असेल तर आपल्या देशाच्या संघटनेची परवानगी घेऊन जायचं. हे शेवटच्या आठवड्यात होत नाही, आधीच अर्ज करा.

त्याच्यावर प्रत्येक सिरीजची स्वतःची शिडी असते. फॉर्म्युला ड्रिफ्टमध्ये थेट वरच्या वर्गात घुसता येत नाही, आधी प्रो-ॲम, म्हणजे हौशी आणि प्रो यांच्या मधल्या, स्पर्धांमध्ये वरचा नंबर काढून लायसन्स कमवायचं, मग प्रोस्पेक, मग प्रो. जपानमध्ये डी१ लाइट्स खेळून डी१ ग्रां प्रीचं लायसन्स मिळवतात. पैसे भरले आणि लाँग बीचला उभे राहिलो असं होत नाही, आणि ते बरंच आहे, कारण भिंतीजवळ ताशी १०० च्या वर तुमच्या दाराला चिकटून कोण येतोय हे तुम्हाला माहीत पाहिजे.

भारतात राहून तयारी कशी करू?

ऑटोक्रॉस खेळा. मैदानात कोन लावलेले असतात, वेग फार नसतो, गाडीचं वजन कुठून कुठे जातं हे कळतं. कोल्हापूरवाल्यांना तर सांगायला नको, तिकडे कार्टिंगचं वेड जुनं आहे आणि तिथली मुलं रेसिंगमध्ये पुढे गेलीत. कार्टमध्ये पण मागचा एक्सल लॉकच असतो, हाताला सवय लागते. पुण्याच्या संजय टकलेंकडे बघा, रॅलीचा माणूस, वर्षानुवर्षं परदेशात जाऊन स्पर्धा केल्या. खेळ वेगळा आहे पण आपल्या गावातून बाहेर जाऊन खेळायचं कसं, हे त्या वाटेवरून शिकण्यासारखं आहे.

सिम्युलेटरवर शिकता येतं का?

बऱ्यापैकी. असेटो कोर्सा हा गेम, डायरेक्ट ड्राइव्ह व्हील, म्हणजे मोटर थेट जोडलेलं स्टेअरिंग, आणि हँडब्रेकचा दांडा एवढं असलं की काउंटर मारताना स्टेअरिंग हातातून सोडून द्यायचं, ते स्वतःच फिरतं, मग पकडायचं, हे सगळं डोक्यात बसतं. फक्त पार्श्वभागाला गाडी सुटल्याची जी जाणीव होते ती खुर्चीत बसून होत नाही. आणि भीती पण वाटत नाही. तीन महिने सिमवर टँडम करून आलेला एक मुलगा बघितलाय मी, पहिल्या दिवशी खऱ्या गाडीत क्लच सोडताना हात थरथरत होते त्याचे. दुसऱ्या दिवशी मात्र आमच्यापेक्षा भारी चालवत होता, हेही खरं.

जपानला येऊन शिकायचं असेल तर?

फुकुशिमा प्रांतात निहोनमात्सु गावाजवळ डोंगरात एबिसु सर्किट आहे. शेजारी सफारी पार्क आहे, म्हणजे एकीकडे टायरचा आवाज आणि पलीकडे सिंह, खोटं वाटेल पण तसंच आहे. नोबुशिगे कुमाकुबो, २००६ चा डी१ चॅम्पियन, त्याचं हे ठिकाण. एकाच डोंगरावर बरेच छोटे छोटे ट्रॅक आहेत, नवख्यांसाठी वेगळे, आणि मिनामी कोर्स म्हणजे कळस, गाडी हवेत उडत आडवी खाली यायची त्या उडीसाठी तो गाजला. २०२१ च्या फेब्रुवारीतल्या भूकंपात डोंगराचा कडा घसरून एक ट्रॅक मातीखाली गेला होता, लोकांनी परत उभं केलं. वर्षातून काही वेळा ड्रिफ्ट मात्सुरी असते, मात्सुरी म्हणजे जत्राच, रात्रंदिवस गाड्या फिरत असतात, लोक गाडीतच झोपतात, मधूनच कोणीतरी नूडल्स खायला बोलावतं. गाडी भाड्याने मिळते, शिकवणारे मिळतात. ठोकली तर भरपाई तुमची, गार्डरेल वाकवलं तर त्याची पण.

इथे रस्त्यावर चालवायला भारतातून काढलेलं इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट चालतं. कायमचं राहायला आलात तर मात्र भारतीय लायसन्स बदलून घ्यायला लेखी आणि प्रॅक्टिकल परीक्षा असते, आणि ऑक्टोबर २०२५ पासून लेखी १० ऐवजी ५० प्रश्नांची झालीये. प्रॅक्टिकलला पहिल्या फटक्यात पास झालेला भारतीय मला अजून भेटलेला नाही, मी तिसऱ्या वेळी झालो, म्हणजे आडवी चालवता येते पण सरळ चालवायला दोनदा नापास.

गाडी भारतातून न्यायची की तिकडे भाड्याने घ्यायची?

पहिल्यांदा भाड्याने, डोळे मिटून. स्वतःची गाडी न्यायची म्हणजे कंटेनर, बोट, आणि कार्नेचे कागद. कार्ने म्हणजे गाडीचा पासपोर्ट समजा, ही गाडी विकायला आणलेली नाही, परत नेणार आहे, अशी हमी, आणि त्यासाठी मोठी रक्कम अडकवून ठेवावी लागते. मुंबईत चर्चगेटजवळ वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन गाडीच्या कार्नेचं काम करते. गाडीचा चॅसिस नंबर, इंजिन नंबर, सुटे पार्ट, सगळं कागदावर तंतोतंत जुळलं पाहिजे. इंजिन बदललेलं आणि कागदावर जुनाच नंबर असं झालं तर गाडी बंदरावर आणि स्पर्धा टीव्हीवर. युरोपातल्या टीमा सुद्धा यातून सुटलेल्या नाहीत, ब्रेक्झिटनंतर इंग्लंडच्या लोकांना शेजारी स्पर्धेला जाताना सुटे टायर धरून यादी करावी लागते.

आखातात असाल तर गोष्ट सोपी. दुबई-अबुधाबीत मराठी मंडळी भरपूर आहेत, त्यांना मी सांगतो की अबुधाबीच्या यास मरीना सर्किटवर ड्रिफ्ट नाइट असतात, गाडी तिथेच घ्या, तिथेच ठेवा.

सेफ्टीसाठी काय लागतं?

रोल केज (गाडीच्या आतला लोखंडी पिंजरा), फायर सूट, हेल्मेट, हॅन्स (मानेला झटका बसू नये म्हणून), पाच किंवा सहा पट्ट्यांचा बेल्ट, आग विझवायची सिस्टम. सगळ्यावर एफआयएचं लेबल आणि तारीख बघतात, सूटला ८८५६, हेल्मेटला ८८५९ असे नंबर असतात. बेल्टची मुदत संपलेली असेल तर दिसायला नवा असला तरी स्क्रूटिनीला, म्हणजे स्पर्धेआधीच्या तपासणीला, बाद. टू-व्हीलरचं आयएसआय हेल्मेट घालून येऊ नका, एकजण आला होता. आणि ट्रॅव्हल इन्शुरन्सच्या बारीक अक्षरात मोटरस्पोर्ट वगळलेलं असतं, वेगळं घ्या.

स्पर्धेच्या दिवशी नेमकं काय होतं?

सकाळी ड्रायव्हर्स मीटिंग. जज ट्रॅकचा नकाशा लावून सांगतात, गाडी इथे टाका, या झोनमध्ये मागचं चाक पाहिजे, इथे अँगल कमी केलेला चालणार नाही. निम्मे लोक इथेच हरतात कारण लक्ष फोनमध्ये असतं. मग प्रॅक्टिस. मग तुमचा एक माणूस वर स्टँडमध्ये रेडिओ घेऊन बसतो, स्पॉटर, तो सांगतो की दुसऱ्या झोनला दोन फूट कमी पडतंय, कारण गाडीत बसून ते कळत नाही.

काही तुटलं तर टाइमआउट, फॉर्म्युला ड्रिफ्टमध्ये पाच मिनिटं. आमच्या मित्राच्या गाडीचा मागचा आर्म वाकला होता, चौघं खाली घुसलो, एकाने घड्याळ धरलं, आणि साडेचार मिनिटांनी गाडी खाली टेकवली तेव्हा माझा पाना गाडीखालीच राहिला. नशीब स्टार्ट लाइनवर कोणीतरी बघितला.

माझी स्वतःची फजिती याच्याहून वाईट. रात्री दोन वाजता हँडब्रेकची लाइन ब्लीड केली, म्हणजे ऑइलमधली हवा काढली, झोप येत होती, वाटलं हवा गेली असेल. सकाळी पहिल्याच रनला वळणावर दांडा ओढला, तो लोण्यात सुरी जावी तसा मागे आला, आणि गाडी सरळ, अगदी सभ्य माणसासारखी, खडीत गेली. त्या दिवशी सगळ्यात कमी अँगल माझा, शून्य अंश.

रस्त्यावर, रात्री, कोणी नसताना प्रॅक्टिस केली तर?

नाही. ताम्हिणी असो, आंबोली असो की लोणावळ्याचा मोकळा रस्ता. मोटर वाहन कायद्याचं कलम १८४ धोकादायक ड्रायव्हिंगसाठी, १८९ रस्त्यावर शर्यतीसाठी, शिवाय भारतीय न्याय संहितेचं २८१. पण कायद्यापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे वळणाच्या पलीकडून दुधाची गाडी येत असते, तिला तुमची लाइन माहीत नसते. आणि तुमचं शिकणं पण होत नाही, एकाच वळणावर वीस वेळा तीच चूक करून बघायला मिळत नाही ना रस्त्यावर.

किती वेगात ड्रिफ्ट होतो? रेकॉर्ड काय?

स्पर्धेत सुरुवातीला बऱ्याच ट्रॅकवर १०० च्या पुढे. रेकॉर्ड मासातो कावाबाताचा, २०१६ मध्ये यूएईच्या फुजैरा विमानतळाच्या धावपट्टीवर निसान जीटी-आर घेऊन ताशी ३०४.९६ किलोमीटरला, ३० अंशात. आणि लांबीचं म्हणाल तर अमेरिकेत एका बीएमडब्ल्यू एम५ ने ओल्या केलेल्या चाचणीच्या मैदानावर ८ तास सलग गोल फिरत ३७४ किलोमीटर केले, पेट्रोल शेजारून आडव्याच चाललेल्या दुसऱ्या गाडीतून भरत. हे ऐकून माझी आई म्हणाली, "एवढ्यात मुंबईला तरी जाऊन आला असता."

मुलींसाठी वेगळा गट असतो का? वयाची अट?

मोठ्या सिरीजमध्ये वेगळा गट नसतो, सगळे एकत्र. वयाचं सिरीजप्रमाणे बदलतं, रूलबुक वाचा. आयर्लंडमध्ये पोरं शाळेत असतानाच सुरू करतात, म्हणून पंचविशीतल्यांनी आता उशीर झाला का असं विचारू नका, झालाय, पण मी तिशीनंतर सुरू केलं.

घरचे नाही म्हणतात, काय सांगू?

ट्रॅकवर घेऊन जा एकदा. आमचे बाबा जपानला आले होते तेव्हा एबिसुला नेलं, दिवसभर काही बोलले नाहीत, संध्याकाळी टायरचा ढीग बघून फक्त विचारलं की हे सगळे आजचेच का. घरी येऊन मात्र रनचे व्हिडिओ तीनदा बघितले.

तुम्ही स्वतः कितवे आलात?

मागच्या लोकल स्पर्धेत क्वालिफाइंगला चौदावा. पहिल्याच जोडीत बाहेर. पुढे होतो तेव्हा नीट झालं, मागे होतो तेव्हा समोरच्याने गाडी माझ्या अंदाजापेक्षा आधी टाकली, मी अर्धा सेकंद थांबलो, ते अंतर भरायला सगळा गॅस दिला आणि दुसऱ्या वळणावर गाडी सरळ झाली. रिप्लेमध्ये स्वच्छ दिसतं, तो मध्ये आहे आणि मी तिकडे लांब. पुढची स्पर्धा सहा आठवड्यांनी आहे, हँडब्रेकची लाइन आता दिवसाउजेडी ब्लीड केलीये, मागचे दोन टायर बघायचेत. कोणाकडे १७ इंची असतील तर मेसेज करा.